सात पायांचा विंचू

कांचघर, जबलपूर
ता. १२ नोव्हेंबर १९३४

चि. बळीराम यास अंजनीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी भाऊबीज मनीऑर्डरनं पोचली, तू काही पोचला नाही. तबक तयार होतं अन् दारात पोस्टमन उभा, त्यालाच ओवाळून टाकावं असं मनात आलं होतं. राधाला सांग, चिवडा तिच्यासारखाच तिखट निघाला अन् शकुनं दोन दिवसांत डबा रिकामा केला. पोरगी चौदाची झाली. मराठीत बोल म्हटलं की अच्छा म्हणते अन् हिंदीतच सुरू होते. तुला पत्र लिही म्हणून बसवलं तर मामाजी एवढं लिहून पेन्सिल चावत बसली.

आता कामाचं लिहिते. दसऱ्याच्या सुमारास आमचा जुना माणूस नथ्थू, जो दुकानोदुकानी माल पोचवतो, तो रांझीहून विड्यांचे दोन पुडे घेऊन आला. एक आमच्या कारखान्याचा, एक तुझ्या. दोन्हींवर विंचू. दोन्ही विंचवांना पाय सातच. गनकॅरिज कारखान्यातले मजूर काही लेबल वाचत बसत नाहीत, ते बोट दाखवून बिच्छू दे म्हणतात, अन् दुकानदार हाताशी येईल तो पुडा देतो. तुझा पुडा स्वस्त, म्हणून तुझाच हाताशी येऊन राहिला आहे. शकुच्या बाबांनी दोन्ही पुडे कोनाड्यात शेजारी शेजारी ठेवले आहेत अन् येता-जाता पाहतात. बोलत काही नाहीत. ते रागावून बोलले की मला काळजी नसते, हे तुला ठाऊक आहे.

काहून रे, इतकी वर्षं तुझा माल नागपूर-भंडाऱ्याकडे जात होता अन् आमचा कटनी-सागरकडे. मधे नर्मदामाई होती, कोणाचं कोणाला अडत नव्हतं. आता इकडे पाठवायचं कोणी सांगितलं? निदान इकडच्या मालावर दुसरं चित्र काढ. मासोळी काढ, तुळस काढ. राधाचा फोटो छाप, विंचवापेक्षा जहाल दिसेल.

राग आला तर आधी पाणी पी, मग उत्तर लिही. माया होती तशीच आहे, तिच्यावर लेबल नाही.

तुझी ताई
अंजनी


गोंदिया
ता. २० नोव्हेंबर १९३४

ती. सौ. ताईच्या चरणी बळीरामचा सा. न. वि. वि.

पाणी पिऊनच लिहून राहिलो आहे, चांगलं दोन तांबे. फोटोची गोष्ट राधाला वाचून दाखवली. ती म्हणाली की ताईंनाच छापा, त्यांचा डंख जुना आहे.

माल मी इकडून ढकलला नाही. जबलपूरचा एक एजंट श्रावणात आपण होऊन आला, म्हणाला तिकडे बिच्छू छापला मागणी आहे. मागणी कोणत्या बिच्छूला होती हे मला तेव्हा सुचायला पाहिजे होतं, ते सुचलं नाही, तेवढी चूक माझी. पण चित्र बदल म्हणतेस ते कसं बदलू? तो विंचू माझा नाही अन् भाऊजींचाही नाही, आईच्या हातावरचा आहे. लहानपणी तिला गोंदवलं तेव्हा सात पायांपर्यंत तिनं सोसलं, आठव्याला हात ओढून घेतला तो परत दिलाच नाही. तुझ्या हातावर गोंदताना ती गोंदणारीण आठवा पाय काढायला गेली तर आईसारखाच पाहिजे म्हणून तू घर डोक्यावर घेतलं. मी तेव्हा खाटेखाली लपलो होतो, आता माझा नंबर येईल म्हणून. आई जाऊन चार वर्षं झाली. पुडा हातात घेतला की पीठ मळतानाचा तिचा हात दिसतो मला. ते काय रंगाऱ्याला सांगून बदलता येतं?

अन् भाऊजींना आत्ताच कसा दिसला विंचू? सन सत्तावीसच्या अक्षय्य तृतीयेला आपल्या अंगणात कारखान्याचा मुहूर्त कोणाच्या हातानं झाला? जावयाच्या हातानंच व्हावा हा आईचा हट्ट होता. पहिल्या पुड्याला भाऊजींनी कुंकू लावलं, त्याच्यापुढे नारळ फोडला. कुंकू लावलं ते विंचवावरच लावलं. तू जवळ होतीस. आठवण करून दे.

शकुला म्हणावं, मामाजी एवढंच लिहिलेलं पत्रही चालेल. भाऊजींना माझा नमस्कार सांग, अन् तुझ्या रागालाही.

तुझा
बळीराम


कांचघर, जबलपूर
ता. ९ डिसेंबर १९३४

चि. बळीराम यास अनेक आशीर्वाद.

नोटीस तुला माझ्या पत्राआधी मिळाली असेल. मला कागदाचं काही सांगितलं नव्हतं. वकील घरी आले, त्यांनी हलफनामा वाचून दाखवला अन् शकुच्या बाबांनी सही केली, तेव्हा मी दाराआड होते. त्यात लिहिलं आहे की ही छाप वादीनं सन १९२१ मध्ये स्वतःच्या कल्पनेनं बनवली. प्रतिवादीनं तिची नक्कल केली, अन् ती इतकी उघड की चुकलेला पायसुद्धा तसाच चोरला. या नकलेची खबर वादीला याच दसऱ्याला लागली. प्रतिवादी म्हणजे कोण, हे कळायला मला जरा वेळ लागला. पाळण्यातून काढून कडेवर घेऊन ज्याला मी गावभर फिरवलं, तो.

स्वतःची कल्पना म्हणे. लग्नाला दोन वर्षं झाली होती, छापखान्याचा चित्रकार घरी आला. सासूबाई म्हणाल्या, सून परपुरुषासमोर बसणार नाही. मग मी दाराच्या आत बसले अन् हात तेवढा पडद्याखालून बाहेर, पाटावर. पाऊण तास. हाताला मुंग्या आल्या तरी हलवला नाही, कारण शकुचे बाबा बाहेरून दर थोड्या वेळानं विचारत होते की दुखत तर नाही ना. मला किती मान वाटला होता तेव्हा. सगळ्या बाजारात माझा हात फिरणार, अन् कोणाला माहीत नाही की तो माझा.

नारळाचं मी विचारलं. ते म्हणाले की तुझ्या आईचा शब्द मोडवेना म्हणून फोडला, जावयानं पाहुणा म्हणून केलेली गोष्ट ती, तिचं कोर्टात काय. गोंदियात चार पुडे विकले जातील एवढंच तेव्हा वाटलं होतं. वकिलांनी नारळाचं विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, अन् आता सही झाली. ते वाईट माणूस नाहीत बळीराम, तुला माहीत आहे. रांझीचा अर्धा खप गेला, कांचघरचाही जाऊन राहिला आहे, ते घाबरले आहेत. घाबरलेल्या माणसाला वकील सांगेल ते खरं वाटतं.

मला भीती दाव्याची नाही. आई-बाबा गेले, आता माझं माहेर म्हणजे तू. अन् हे घर म्हणजे माझा सोळा वर्षांचा संसार. दावा कोणीही जिंकला तरी एक दार माझ्यापुरतं लागणार, हे मला आत्ताच दिसून राहिलं आहे. दुसरं काही मला सुचत नाही.

उत्तर पाठव, पण त्यात भाऊजींना वाकडं काही लिहू नको, पत्र आधी त्यांच्या हाती पडतं. उघडत नाहीत कधी. तरीही.

अंजनी


गोंदिया
ता. २१ डिसेंबर १९३४

ती. ताईस बळीरामचा नमस्कार.

वाकडं लिहीत नाही. जे आहे तेवढं लिहितो.

वकील केला आहे. तो म्हणतो, पहिल्यांदा छाप कोणी चालवली हे पाहिलं तर भाऊजी सहा वर्षं पुढे आहेत, तिथं आपण हरलो. त्यात तो नसलेला आठवा पाय आपल्याला बुडवून राहिला आहे. दोन माणसं वेगवेगळी बसून विंचू काढतील तर दोघं एकच पाय कसे विसरतील, असं कोणताही जज्ज म्हणेल. आईच्या हाताची गोष्ट मी सांगितली तर वकील हसला. म्हणाला, तो हात दाखवा. हात तर आपण वैनगंगेच्या काठी अग्नीला दिला.

एकच गोष्ट आपल्याला तारते, असं तो म्हणतो. भाऊजींना सत्तावीस सालापासून माहीत होतं अन् त्यांनी हरकत घेतली नाही, उलट मुहूर्त केला, हे शाबीत झालं पाहिजे. त्या दिवशी अंगणात घरचीच माणसं होती. आई गेली, भटजी गेले. माझा अन् राधाचा शब्द कोर्ट धरत नाही, आम्ही आमच्या फायद्याचंच बोलणार. राहिली तू. त्यानं तुझं नाव साक्षीदारांत घातलं आहे. मला न विचारता घातलं, पण काढ असंही मी म्हटलं नाही. खोटं काहून लिहू.

अजून एक. आईची पेटी उघडली. तिच्या लुगड्यांच्या घडीत तुझी पत्रं आहेत, सगळी. त्यात मुहूर्तानंतर जबलपूरला पोचून तू तिला लिहिलेलं आहे. तू लिहिलं आहेस की येताना छोट्या गाडीत नैनपूरला चहा पिताना शकुचे बाबा म्हणाले, बळीरामनं आपलाच विंचू घेतला की, घेऊ दे, दोन्ही घरचं चालू दे. तारीख आहे, तुझी सही आहे, पाकिटावर पोस्टाचा शिक्का आहे. वकिलाला फक्त सांगितलं, दाखवलं नाही. त्याचे डोळे चमकले. म्हणतो, हा एक कागद द्या अन् घरी जाऊन झोपा.

ताई, मी तुला विचारून राहिलो आहे. दुसऱ्या कोणाला विचारायचं?

तुझा
बळीराम


कांचघर, जबलपूर
ता. २८ डिसेंबर १९३४

चि. बळीराम यास आशीर्वाद.

फाडून टाक ते पत्र.

मी हात जोडते. त्या हलफनाम्यावर त्यांची सही आहे की त्यांना दसऱ्याला कळलं. अन् माझ्याच हातचा कागद निघतो की सात वर्षांपासून माहीत आहे. दावा जाईल तो जाऊ दे, पण खोट्या शपथेला शिक्षा असते असं नथ्थू सांगून राहिला होता. त्यांना शिक्षा झाली तर ती माझ्या अक्षरानं होईल. मी पत्र आईला लिहिलं होतं रे. तिला वाटत होतं की जावयाला मुहूर्ताचा त्रास दिला, तर तिचा जीव शांत व्हावा म्हणून लिहिलं. कोर्टासाठी नव्हतं लिहिलं.

तुझं कसं होईल हे मी विचारत नाही असं समजू नको. त्याचाच विचार करते, अन् पोळी तव्यावर जळते. नवीन छाप काढ. लोक चव ओळखतील हळूहळू. माझ्या दोन पाटल्या आहेत, त्या घे, हे कोणाला सांगायचं कारण नाही.

हे माझं तुझ्यापाशी पहिलं मागणं आहे. लहानपणी सगळं तूच मागायचास.

अंजनी


गोंदिया
ता. ७ जानेवारी १९३५

सौ. अंजनीताईंना राधाबाईचा नमस्कार.

हे पत्र मी यांना न विचारता लिहून राहिली आहे, अक्षर वाकडं आहे ते समजून घ्या. यांना कळलं तर रागावतील, तरी लिहिते.

कोर्टाचा मनाईहुकूम आला. निकाल लागेपर्यंत विंचवाचा पुडा विकायचा नाही, जबलपूरला नाही अन् इथंही नाही. यांनी नवीन लेबल काढून पाहिलं, कमळाचं. दुकानदार ठेवून घेत नाहीत, म्हणतात हे कोणाचं आहे, विंचू आणा. आमच्याकडे पन्नास बायका विड्या वळतात. त्यातल्या अर्ध्या रोज सकाळी सूप घेऊन येतात, अंगणात बसतात, मी पानं नाही म्हणते, तरी दुपारपर्यंत बसून राहतात. जया म्हणून एक आहे, नवरा खोकल्यानं पडला आहे, ती जाताना मलाच धीर देऊन जाते. मला तिच्याकडे पाहवत नाही.

अन् तुमचं पत्र आलं, फाडून टाक. ताई, तुमचा जीव तिकडे अडकला आहे हे मला कळतं, मीही कोणाची बायको आहे. पण खोटं आम्ही लिहिलं नाही. नारळ फुटला तेव्हा मी शेजारी उभी होती, करवंटीचा तुकडा माझ्या पायाला लागला. त्या नारळाचं खोबरं तुम्हीच वाटलं. जे झालं ते झालं म्हणायला इतकं कठीण काहून पडतं?

तो कागद हे पेटीतून काढतात, वाचतात, परत ठेवतात. जेवण कमी झालं आहे. ताईनं कधी काही मागितलं नाही, एवढंच म्हणतात अन् उठून जातात. तुम्ही त्यांना असं मागणं मागितलं की दिलं तर ते बुडतात अन् नाही दिलं तरी बुडतात. याला काय माया म्हणायची, तुम्हीच सांगा.

लहान तोंडी जास्त लिहिलं. राग ठेवायचा तर माझ्यावर ठेवा, यांच्यावर नको.

राधा


कांचघर, जबलपूर
ता. २१ जानेवारी १९३५

चि. बळीराम यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

राधाचं पत्र आलं होतं. तिला रागावू नको. तिनं लिहिलं त्यातलं एकही अक्षर खोटं नाही, अन् मी तिला उत्तर देऊ शकले नाही म्हणून तुलाच लिहून राहिली आहे.

काल वकील आले होते. तुझ्या वकिलानं माझं नाव दिलं म्हणून मला शिकवायला आले. शकुचे बाबा शेजारी बसले होते. वकील म्हणाले, बाईजी, तुम्हाला फार काही बोलायचं नाही. हातावर गोंदण आहे का विचारतील, हो म्हणा. कधी काढलं विचारतील, तर लग्नानंतर, जबलपूरला, नवऱ्याच्या कारखान्याचं लेबल आवडलं म्हणून गोंदवून घेतलं, असं म्हणा. आईच्या हातावर काय होतं विचारलं तर म्हणा की काहीच नव्हतं.

मी शकुच्या बाबांकडे पाहिलं. मला वाटलं ते काही बोलतील. आईनं त्यांना स्वतःच्या हातानं वाढलेलं आहे. विंचवाच्या हातानंच वाढलं, अन् ते एकदा म्हणालेही होते की सासूबाई, तुमचा विंचू आमच्या वरणात उतरेल. आई किती हसली होती. ते सगळं मी आठवत होते अन् ते फरशीकडे पाहत होते. मग म्हणाले, एवढं म्हणून टाक, प्रकरण संपून जाईल.

नारळाचं खोटं मी गिळलं होतं. ते त्यांचं खोटं होतं, मी बायको म्हणून त्याच्यावर पदर घातला. पण हे मला माझ्या तोंडानं म्हणायचं आहे की माझ्या आईचा हात कोरा होता. मला ते जमणार नाही. मी रात्रभर हेच मनाला विचारलं, अन् उत्तर एकच येतं.

तेव्हा तू माझं मागणं विसर. ते पत्र वकिलाला दे. जे व्हायचं ते माझ्या अक्षरानं होऊ दे. मी शकुच्या बाबांना आज सांगणार आहे की मी असं लिहिलं. चोरून करणार नाही.

तुझी ताई


गोंदिया
ता. २२ जानेवारी १९३५

ती. ताईच्या चरणी बळीरामचा सा. न. वि. वि.

आज सकाळी चुलीत टाकलं तुझं पत्र. पाकीटही टाकलं, शिक्क्यासकट. राधा भाकरी थापत होती, तिनं पाहिलं अन् पुढची भाकरी थापायला घेतली. तिला माझ्याआधीच कळलं होतं वाटतं.

वकिलाकडेही जाऊन आलो. साक्षीदारांतून तुझं नाव काढायला लावलं. तो खूप बोलला, मला येडा म्हणाला, मी ऐकून घेतलं. आता तुला कोणी बोलावणार नाही. तू कोणाच्याच बाजूनं बोलायचं नाहीस अन् कोणाच्याच विरुद्ध नाही. पाटल्यांचं परत काढू नको, त्या शकुच्या आहेत.

दुसऱ्या कारखान्यासाठी विड्या वळवून घेणाऱ्या सट्टेदाराकडे मुनीम म्हणून जागा आहे असं ऐकतो. पाहीन. काम बंद झालं हे बायकांना मी स्वतः सांगितलं. जयानं सूप माझ्याकडेच ठेवलं, म्हणाली परत सुरू झालं की नेईन.

माझ्यावर उपकार वगैरे काही नाही हे. लहानपणी सगळं मीच मागायचो, हे तुझं वाक्य काही केल्या जात नव्हतं डोक्यातून.

तुझा
बळीराम


कांचघर, जबलपूर
ता. २६ जानेवारी १९३५

बळीराम,

दोघांची पत्रं रस्त्यात एकमेकांना भेटून पुढे गेली. तुझं वाचून मी ओसरीवर बसले ती शकुनं हाक मारेपर्यंत. बाळा, तू असं करशील हे मला माहीत असायला पाहिजे होतं. नव्हतं माहीत.

आता ऐक. कागद गेला, मी आहे. उद्याच वकिलाकडे जा अन् माझं नाव परत घाल. उशीर झाला म्हणाला तर त्याच्या पाया पड. शकुच्या बाबांना मी सांगितलं आहे की मला बोलावलं तर जे झालं ते सांगेन. त्यांनी ताट बाजूला सारलं, बाकी काही नाही. मला जाऊ नको असंही म्हणाले नाहीत.

समन्स घरी पाठव. चलो, एवढंच.

ताई


कांचघर, जबलपूर
ता. १८ फेब्रुवारी १९३५

चि. बळीराम यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

कोर्टात तू होतास, पण मागे, अन् मी हळू बोलले, तुला किती ऐकू आलं माहीत नाही. म्हणून लिहिते. हे पत्र जपून ठेवलं तरी चालेल, यात लपवण्यासारखं काही नाही.

पेशकारानं पहिलंच विचारलं, कोणाची बायको. सोळा वर्षांत ते नाव मी तोंडानं घेतलं नव्हतं, उखाण्यात दोनदा घेतलं तेवढं. मी गप्प उभी राहिले. लोकांना वाटलं घाबरले. जज्जसाहेब म्हणाले की लिहून द्या हवं तर. मी म्हटलं, बोलते. पुंडलिकराव घाटोळे, म्हटलं. ते समोर खुर्चीवर बसले होते. त्यांनी मान वर केली, कोणीतरी हाक मारली अशी. नंतरचे सगळे प्रश्न मला त्यापुढे सोपे गेले.

बांगड्या वर सारून हात दाखवला. जज्जसाहेबांनी हाताला न लावता पेन्सिलीनं दुरूनच पाय मोजले, मग दोन्ही पुडे हातात घेऊन मोजले. आपल्या वकिलानं विचारलं हे कधीचं, मी म्हटलं मी दहा वर्षांची असतानाचं, अन् आईचं त्याच्याही आधीचं, तिच्या माहेरचं. आठवा पाय काहून नाही तेही सांगितलं. कोर्टात लोक हसले, मलाही थोडं हसू आलं. मग नारळाचं. फोडला म्हटलं. पहिल्या फटक्याला फुटला नाही, दुसरा मारावा लागला, तेही सांगितलं. ते कोणी विचारलं नव्हतं. नैनपूरच्या चहाचंही सांगितलं. घेऊ दे, दोन्ही घरचं चालू दे, हे त्यांचे शब्द त्यांच्यासमोर मी सत्तावीस सालच्या तारखेला नेऊन ठेवले. इकडच्या वकिलांनी विचारलं की भाऊ दरवर्षी काय काय पाठवतो. मी म्हटलं, यंदा चिवडा.

बाहेर आले तर तू पिंपळाखाली उभा होतास, राधा हात करून राहिली होती. समोर आमचा टांगा होता. शकुचे बाबा आधीच जाऊन बसले होते. मला वाटलं आता टांगा हलेल. हलला नाही. मी तुमच्याकडे आले नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नको. तुमच्याकडे आले असते तर परत त्या टांग्याकडे जाता आलं नसतं. मी चढले, त्यांनी सरकून जागा दिली. दुसऱ्या दिवशी ते वकिलाकडे गेले अन् दावा उचलून घेतला. मला नथ्थूकडून कळलं. खोट्या शपथेचं जज्जसाहेबांनी पुढे काही काढलं नाही, ताकीद दिली म्हणे. घरात ते माझ्याशी बोलत नाहीत. पाहिजे ते शकुला सांगतात, शकु मला सांगते. पोरगी यानं तरी मराठी शिकून राहिली आहे.

आता माझं. मनाईहुकूम गेला, विंचू तुझा झाला, तुला कुठंही विकता येईल. मोकळेपणानं विकलास तर वर्षभरात आमचा कारखाना बंद पडेल, कारण तुझा माल स्वस्त आहे अन् चांगलाही आहे, मी ओढत नसले तरी वास ओळखते. मी तुझ्यासाठी बोलले नाही, आईच्या हातासाठी बोलले. पण फायदा तुझा झाला. म्हणून मागते. नर्मदेच्या अलीकडे माल पाठवू नको. एजंटला परत लाव. कागद करायचा नाही, वकील नाही, साक्षीदार नाही. नुसतं पाठवू नको.

अन् मला पत्रही लिहू नको. जिंकलेल्या भावाचं पत्र पोस्टमननं या घरात त्यांच्या हाती द्यावं अन् मी ते त्यांच्यासमोर वाचावं, हे मला आत्ता नाही जमायचं. तू ऐकलंस की नाही ते मला रांझीच्या दुकानांतून कळेल.

राधाला म्हणावं, तिच्या पत्राचं उत्तर मी कोर्टात दिलं.

तुझी ताई
अंजनी


कांचघर, जबलपूर
ता. २३ मे १९३५

चि. बळीराम यास अनेक आशीर्वाद.

कार्डावर जागा थोडी आहे. होळीपासून तुझा एकही पुडा इकडे आला नाही. नथ्थू दर आठवड्याला रांझी, महाराजपूर सगळं पाहून येतो अन् मला सांगतो. मला सांगण्याआधी त्यांना सांगतो, हे मला आता कळलं.

आज जेवताना तिसरी भाकरी वाढली. त्यांनी ताटाकडे पाहतच मला विचारलं, शकुला नाही, मला, की तीन महिने झाले, बळीरामचं पत्र काहून येत नाही.

तेव्हा आता लिही.

ताई